निरोगी ठोक्याची भानगड

१

"ताई, मला बुडवलं गं त्यानं! पार बुडवलं!"

फोनवर भावाचा आवाज होता म्हणून बरं, नाहीतर वेबकाकूंनी राँग नंबर समजून फोन ठेवून दिला असता. त्यांचा धाकटा भाऊ पेशानं घड्याळजी. चावीची, लंबकाची जुनी घड्याळं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. एरवी तो एकेक शब्द चिमट्यानं उचलून ठेवल्यासारखा बोलायचा. आज मात्र स्प्रिंग तुटली होती.

"कोणी बुडवलं? आणि कशात?"

"वेबसाइट बघ माझी!"

वेबकाकूंनी बघितली. घड्याळजीच्या देखण्या वेबसाइटच्या जागी पांढरं पान, आणि त्यावर एकच ओळ: हे खाते स्थगित करण्यात आले आहे.

"अरे, कालच तर मी टोस्ट खाता खाता तुझा नवा फोटो चढवला! तेव्हा धडधाकट होती की."

मुलं घरट्यातून उडाल्यावर वेळ खायला उठला, तेव्हा या बाई वेबसाइट बनवायला शिकल्या होत्या. आता दातांच्या डॉक्टरपासून न्हाव्यापर्यंत अर्ध्या बाजारपेठेच्या वेबसाइट त्यांच्याच हातच्या होत्या, आणि 'वेबकाकू' हे नाव त्यांना इतकं चिकटलं होतं, की पोस्टमनही त्याच नावानं हाक मारायचा.

"शुक्रवारी ग्रंथालयाची समिती बसतेय," घड्याळजी म्हणाला. "मनोऱ्यावरचं घड्याळ कोणाला द्यायचं ते ठरणार. सगळ्यांच्या वेबसाइट पडद्यावर लावून बघणार आहेत. माझी लावली की हे पांढरं पान! आणि समोरच्याची चकाचक! आता तूच सांग, हे कोणाचं काम?"

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा दुकानदार, घड्याळजीचा एकेकाळचा जोडीदार. वर्षानुवर्षं दोघं एकाच टेबलाशी बसले, आणि एक दिवस जोडीदारानं सेलवर चालणारी घड्याळं विकायला काढली. घड्याळजीच्या दृष्टीनं तो धर्मबुडवेपणाच झाला. तेव्हापासून अबोला होता.

"तक्रार लिहून तयार आहे. उद्या सकाळी पोलिसांत देतो," घड्याळजी म्हणाला.

"दिवसभर थांब. मला आधी चौकशी करू दे."

वेबसाइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर होती, तिथल्या मदतनिसाला वेबकाकूंनी फोन लावला. तो बिचारा गोड बोलणारा होता.

"मॅडम, तुमचं हे शेअर्ड होस्टिंग आहे ना. म्हणजे एका इमारतीत शंभर भाडेकरू आणि पाण्याची टाकी एकच. तुमच्या घरातला नळ महिनाभर धो धो वाहतोय. वरच्या मजल्यावरचा केकवाला ओरडायला लागला, त्याची पानं उघडेनात. म्हणून तुमचा नळ बंद केला."

"पण एवढं पाणी नेलं कोणी?"

"हजारो मागण्या आहेत, आणि सगळ्या एकाच फाइलसाठी." तो म्हणाला. "मॅडम, मला हा अपघात वाटत नाही. कोणीतरी रोज ठरलेल्या वेळी येतंय."

२

खातं बंद असलं तरी आतलं कंट्रोल पॅनेल मदतनिसानं उघडून दिलं. वेबकाकू लॅपटॉप घेऊन थेट भावाच्या दुकानात गेल्या. भिंतभर लंबक हलत होते. समोरच्या खिडकीला मात्र जाड पडदा होता. जोडीदाराचं तोंड दिसायला नको म्हणून तो लावला होता.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "आपल्या वेबसाइटवर जो कोणी येतो, त्याची सर्व्हर एक ओळ लिहून ठेवतो. कुठल्या पत्त्यावरून आला, किती वाजता, काय मागितलं, किती नेलं, हातात फोन होता की कॉम्प्युटर. याला लॉग म्हणतात. पॅनेल एरवी जुने महिने पुसून टाकतं. पण 'जुनं पुसा'समोरची खूण मी पहिल्याच दिवशी काढून टाकली होती. त्यामुळे सगळे महिने शाबूत आहेत."

फाइल उतरली. उघडली. मुंग्यांची रांग लागावी तशा ओळीच ओळी दिसल्या. आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच नाव होतं: निरोगी ठोका.

हे घड्याळजीचंच खूळ होतं. आपलं घड्याळ आजारी आहे की बरं, हे गिऱ्हाइकाला घरबसल्या कळावं म्हणून त्यानं उंच लाकडी घड्याळाचा निरोगी ठोका ध्वनिमुद्रित करून वेबसाइटवर ठेवला होता. चांगला अर्धा तास! "इतकं कोण ऐकणार?" असं बहिणीनं तेव्हाच विचारलं होतं. "ज्याला कान आहे तो," असं उत्तर मिळालं होतं.

वेबकाकूंनी वेळा वेगळ्या काढून आलेख केला. उंटाच्या पाठीसारखे उंचवटे उठले, दोन नव्हे, तीन. सकाळी नवाच्या आसपास एक, दुपारी तीन-चारला दुसरा, आणि रात्री जेवणं आटोपल्यावर तिसरा.

घड्याळजीनं टेबलावर मूठ आपटली. दोन घड्याळं दचकून वाजली.

"आणखी काय पुरावा पाहिजे? नवाला तो दुकान उघडतो. तीनला दुपारची झोप काढून परत येतो. रात्री जेवून कॉम्प्युटरपुढे बसतो. त्याचा दिनक्रम मला पाठ आहे, ताई!"

"अरे, पण पत्ते तर हजार वेगवेगळे दिसतायत."

"खोटे असतील! आजकाल काय वाट्टेल ते करता येतं."

वेबकाकू रस्ता ओलांडून गेल्या. जोडीदाराच्या दुकानात भिंतभर घड्याळं होती आणि एकाचाही आवाज नव्हता. देवळात गेल्यासारखं हळू बोलावंसं वाटत होतं.

"ताई! या, बसा," जोडीदार मनापासून हसला. "त्यानं पाठवलं का?"

"त्यानं नाही. त्याची वेबसाइट बंद पडलीये."

"माहीत आहे. सकाळी बघितलं मी."

"तुम्ही त्याची वेबसाइट बघता?"

जोडीदारानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"रोज," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पण का, ते नका विचारू."

३

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच का? वेबकाकूंना मन खात होतं. चोर इतक्या सरळपणे 'रोज' म्हणेल?

घरी येऊन त्यांनी लॉग पुन्हा वाचायला घेतला. यावेळी त्यांनी सुरुवात स्वतःपासून केली. काल चढवलेला फोटो नीट दिसतो का, हे त्यांनी स्वतः उघडून बघितलं होतं. त्या ओळी सापडल्या. पत्ता त्यांच्या घरचा, फोटो तोच. पण वेळ लिहिली होती पहाटे तीनची.

"पहाटे तीनला मी टोस्ट खात होते?" वेबकाकू स्वतःशीच म्हणाल्या.

त्यांनी चष्मा सरळ करून ओळीकडे पुन्हा पाहिलं. वेळेच्या शेपटाला एक अधिकचिन्ह आणि चार शून्यं होती. त्या मोठ्यानं हसल्या आणि भावाला फोन लावला.

"काय रे घड्याळजी, जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलीस, आणि चोर धरताना चोराला कुठलं घड्याळ लावलंय ते बघायचं राहिलं! सर्व्हर दूरदेशी बसलाय. त्याचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे."

घड्याळजीला याहून मोठी नामुष्की दुसरी नव्हती.

"मग उंचवटे साडेपाच तास पुढे सरकव," तो शेवटी पडेल आवाजात म्हणाला.

"सरकवले. पहिला येतो दुपारी अडीचला, दुसरा रात्री साडेआठ-नऊला, आणि तिसरा मध्यरात्रीनंतर, दोन ते चार. दुपारी अडीचला तुझा जोडीदार काय करतो?"

"घोरतो," घड्याळजीनं कबूल केलं. "रात्री साडेआठ-नऊला जेवत असतो. आणि पहाटे पुन्हा घोरतो."

"म्हणजे तो नव्हे. तक्रारीचा कागद फाड."

"फाडतो. पण मग कोण?"

ते वेबकाकूंनाही माहीत नव्हतं. इतकं मात्र दिसत होतं, की हा हल्ला नव्हता. हल्ला करणारा फाइल ओरबाडून नेतो. इथे फोन ती तुकड्यातुकड्यानं मागत होते. एक तुकडा वाजून संपत आला की पुढचा. म्हणजे पलीकडे खरोखर कोणीतरी शांतपणे ऐकत होतं. शिवाय ही माणसं कुठल्या दुव्यावर टिचकी मारून आली, तो रकाना रिकामा होता. म्हणजे दुसऱ्या वेबसाइटवरून कोणी आलेलं नव्हतं. फाइलचा पत्ता हातोहात दिला गेला असणार, निरोपातून किंवा कागदावर छापून.

आणि एक विचित्र गोष्ट. कितीतरी फोन अर्ध्याच्या जरा पुढे जायचे, तिथे अडायचे, आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. फोन वेगळे होते, दिवस वेगळे होते, पण जागा तीच.

आपल्याकडची मूळ फाइल वेबकाकूंनी त्या जागेपाशी लावली. टिक. टॉक. टिक. टॉक. आणि मग बंदुकीचा बार उडावा तसा, खोः!

घड्याळजी खोकला होता.

त्यांनी जुन्या महिन्याचा लॉग उघडला, ही सारी वर्दळ जिथून सुरू झाली त्या ओळीपर्यंत मागे गेल्या, आणि खुर्चीतच ताठ झाल्या. निरोगी ठोका एका बैठकीत पुनःपुन्हा वाजवणारा पहिला पत्ता त्यांना तोंडपाठ होता. घरच्यांच्या फेऱ्या मोजणीत धरल्या जाऊ नयेत म्हणून त्यांनीच तो नोंदवून ठेवला होता.

तो घड्याळजीच्या स्वतःच्या घरचा पत्ता होता.

४

काखेत कळसा आणि गावाला वळसा! वेबकाकू चपला अडकवून निघाल्या.

दार घड्याळजीच्या सुनेनं उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू, आत्या. आत्ताच झोपलाय."

घड्याळजीचा नातू पाळण्यात मुठी वळून पडला होता. शेजारी बाटल्या, दुपटी आणि वाळत घातलेले चिमुकले मोजे. सुनेच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, पण हसू ताजं होतं.

"एक विचारते, रागावू नकोस," वेबकाकू कुजबुजल्या. "सासऱ्यांनी दुकान बंद करावं असं तू म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते. चिडून! दर तासाला अख्खं घर ठणाणा वाजायचं. आता ठणाणा करणारी सगळी दुकानात नेलीत त्यांनी, त्यामुळे भांडण मिटलं. का हो?"

"वेबसाइट कोणीतरी दमवून बंद पाडलीये. आणि पहिला फेरा या घरातून झालाय. एका जुन्या टॅबलेटवरून."

सून विचारात पडली. "आमच्याकडे टॅबलेट नाही. आमचे नुसते फोन." मग तिनं एकदम हाताचा पंजा गालावर ठेवला. "आईचा आहे! पत्ते खेळते ती त्यावर. बाळ झालं तेव्हा महिनाभर इथेच होती ना. रात्री तीच घ्यायची त्याला, मला झोपू द्यायची."

"आणि आता कुठे असते तुझी आई?"

"कामावर परत गेली. प्रसूतिगृहात हेड नर्स आहे ना ती. पण आत्या, आई असं करणार नाही! म्हणजे, तिला घड्याळांचा तिटकारा आहे हे खरं. लग्नातच ती बाबांना म्हणाली होती, तुमच्या घरात मेलेला माणूसही उठून बसेल."

ते वाक्य वेबकाकूंना आठवत होतं. घड्याळजीच्या नाकाला झोंबलेली ती मिरची अजून उतरली नव्हती. व्याही आणि विहीणबाई एकमेकांशी बोलत ते फक्त सुनेमार्फत.

तिथेच बसून त्यांनी लॅपटॉप उघडला. घरातून गेल्यावर तो टॅबलेट पुन्हा कुठे उगवला? सापडला. दुसऱ्या एका पत्त्यावर. तो कोणाच्या नावावर आहे हे शोधायला वेळ लागला नाही. प्रसूतिगृहाचाच होता. आणि त्यानंतर त्याच पत्त्यावरून एक फोन आला, मग दोन, मग पाच; आणि तिथून पसरत पसरत साऱ्या गावभर.

पाळण्यातलं बाळ चुळबुळलं. सुनेनं सवयीनं फोन उचलला, आणि मग कपाळाला हात लावला. "छे! ते आज सकाळपासून लागतच नाहीये."

"काय लागत नाहीये?" वेबकाकूंनी विचारलं.

५

प्रसूतिगृहाच्या लांबलचक व्हरांड्यात विहीणबाई टेबलामागच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. इस्त्रीचा गणवेश, आणि नजर अशी की तापसुद्धा घाबरून उतरावा.

"या, ताई. आज इकडे कशा?"

"भावाच्या वेबसाइटचं जरा विचारायचं होतं. घड्याळांचे आवाज ऐकता का हो तुम्ही कधी?"

विहीणबाईंनी कानांवर हात ठेवले. "मी? मला त्या घड्याळांचं नावही नको! साधा आवाज भरायचा, तर त्यातही तो माणूस मध्येच खोकतो. रीत म्हणून काही आहे की नाही?"

वेबकाकू हसल्या. "विहीणबाई, तो खोकला अर्ध्याच्याही पुढे आहे. तिथपर्यंत पोचायला चांगला पाव तास घड्याळ ऐकावं लागतं."

व्हरांड्याच्या टोकाकडून एक तान्हं रडू आलं, त्याला दुसऱ्यानं साथ दिली.

"सांगते," वेबकाकू म्हणाल्या. "चुकलं तर थांबवा. दुपारी अडीच, रात्री साडेआठ-नऊ, आणि मग मध्यरात्रीनंतर. या तिन्ही वेळा कोणाच्या? दुकानदाराच्या नव्हेत, चोराच्या नव्हेत. अंगाईच्या आहेत. खोकल्यापाशी सगळे फोन पुन्हा पहिल्यापासून का सुरू होतात? कारण नुकतंच डोळे मिटलेलं कोणीतरी तिथे दचकून उठतं. आमच्या नातवाला रात्री तुम्ही घ्यायचात. कशानंही झोपेना, तेव्हा एकदा तुम्ही हा ठोका लावून बघितला. तो झोपला. मग तुम्ही इथे आलात आणि…"

विहीणबाईंनी निमूटपणे खण उघडून एक कार्ड पुढे केलं. पुढच्या बाजूला बाळाच्या लसींच्या तारखा, मागे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, आणि खाली सुबक अक्षरात लिहिलेलं: झोपत नसेल तर फोननं हे उघडा.

"घरी जाणाऱ्या प्रत्येक आईला देते," त्या पुटपुटल्या. "झोपतात हो मेली पोरं! मी काय करू? पोटात नऊ महिने आईचा ठोका ऐकलेला असतो, त्याच चालीवर हे जड, संथ घड्याळ. आमच्या सगळ्या अंगाया याच्यापुढे फिक्या."

"मग भावाला सांगायचं होतं ना!"

"त्यांना?" विहीणबाई उसळल्या. "लग्नात मी जे बोलले त्यानंतर? आयुष्यभर ऐकवलं असतं त्यांनी!" मग आवाज खाली आला. "पण वेबसाइट बंद पडेल हे खरंच माहीत नव्हतं, ताई. आज सकाळपासून गावातली बाळं टाहो फोडतायत. सारखे फोन येतायत मला. रागावलेत का ते फार?"

"भलत्यावरच रागावलेत," वेबकाकू म्हणाल्या. "तेच आता निस्तरायचंय."

६

मदतनिसाला सगळं सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "माझी मुलगी तीन महिन्यांची आहे मॅडम. मलाही पत्ता द्या." त्याच्या सल्ल्यानं ठोक्याची फाइल आवळून लहान केली आणि जड फायलींसाठीच असलेल्या वेगळ्या जागी ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेबसाइट परत उभी राहिली आणि केकवाल्याचीही पानं धावू लागली.

भावाला घेऊन बसल्यावर वेबकाकूंनी लॉगमधल्या आणखी काही ओळी त्याला दाखवल्या. रोज सकाळी समोरच्या दुकानाच्या पत्त्यावरून कोणीतरी यायचं आणि एकच पान उघडायचं: 'आमच्याविषयी'. त्या पानावर एक जुना फोटो होता. दोन तरुण पोरं एका टेबलाशी, मध्ये उघडलेलं घड्याळ, आणि दोघंही हसतायत.

"एक दिवसही खाडा नाही," वेबकाकू म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी घरून बघतो."

घड्याळजीनं वाकून तो फोटो जवळून बघितला. मग उठला, खिडकीवरचा पडदा ओढून काढला आणि तसाच हातात घेऊन रस्ता ओलांडून गेला. काचेतून वेबकाकूंना दोघंही दिसत होते. भाऊ मान खाली घालून काहीतरी बोलला. जोडीदारानं त्याच्या हातातला पडदा घेतला, त्याची घडी केली आणि ती त्यालाच बसायला खुर्चीवर अंथरली.

शुक्रवारी समितीपुढे दोघं एकत्रच गेले. यंत्र चावीचं राहील आणि आतले दिवे सेलवर, असा तह झाला होता. काम मिळालं, मात्र जिन्यावरून पुढे कोणी चढायचं यावरून पहिल्याच दिवशी वाजलं.

विहीणबाईंनी निरोप धाडला, यावेळी सुनेमार्फत नव्हे, थेट: नवा ठोका भरायचा आहे, खोकला न घेता, आणि तो कसा चालतो हे प्रत्यक्ष बघायला यावं. घड्याळजी कुरकुरत, पण धुतलेला सदरा घालून, बहिणीला घेऊन प्रसूतिगृहात पोचला. दुपारचे अडीच वाजत होते. लांब खोलीत ओळीनं पाळणे, प्रत्येकाच्या उशाशी एकेक फोन, आणि प्रत्येक फोनमधून त्याचंच उंच लाकडी घड्याळ. टिक इथे, टॉक तिथे. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता.

घड्याळजीचा चेहरा वेडावाकडा झाला. "अहो, सगळी बेताल चाललीयेत! निदान एकदम तरी सुरू करा. हे असं माझ्या कानांना…"

"श्शू!" विहीणबाई डोळे वटारून म्हणाल्या. "एक तरी पोर जागं आहे का? मग बसा गप्प."

तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. हाताची घडी घालून, भुवया आवळून, कुठला ठोका कुठल्यापेक्षा किती मागे आहे हे मोजू लागला. वेबकाकू आणि विहीणबाई दाराशी उभ्या राहून हलक्या आवाजात नातवाच्या पहिल्या दाताबद्दल बोलत होत्या. जरा वेळानं वेबकाकूंचं तिकडे लक्ष गेलं. भावाची हनुवटी छातीवर टेकली होती, हाताची घडी सुटली होती, आणि तो बारीक, एकसारखा घोरत होता.

त्या त्याला हलवायला पुढे झाल्या. विहीणबाईंनी त्यांचा हात धरला.

"नका उठवू, ताई," त्या कुजबुजल्या आणि जवळच्या पाळण्याच्या पायाशी पडलेलं एक दुपटं उचलून त्यांनी व्याह्यांच्या खांद्यांवर टाकलं. "मोठ्यांवरही चालतं का, ते बघायचंच होतं मला."